सुरक्षेचा ब्रेक आणि मिरवायचे टायर एका तागडीत नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी वाहनं भंगारात काढण्यावर वाचकांची पत्रं अधूनमधून वाचतो. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षं वापरलेली कार असते. माझ्या शेडमध्ये १९६७ साली पासिंग झालेली जीप उभी आहे. धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून काढावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण जुनी गाडी घरी दुरुस्त करून पुन्हा उभी करताना माणूस दोन तऱ्हेचे बदल करतो, काही जीव वाचवायला आणि काही मिरवायला. आपले नियम दोन्ही एकाच तागडीत तोलतात. त्याबद्दल लिहायचं आहे.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला टर्नर. पंपाचे शाफ्ट, बुश, पुल्या यांच्यावर आमचं घर चालतं. जीप सासऱ्यांची, आंबेवाडीची. महिंद्राची सीजे-३बी. ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिचं उंच बोनेट आठवेल. ते शोभेसाठी नव्हतं. तिच्या हरिकेन नावाच्या पेट्रोल इंजिनात इनटेकचा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचा खाली ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळं इंजिनची उंची वाढली आणि ते मावावं म्हणून विलीज या मूळच्या अमेरिकन कंपनीनं १९५३ साली बोनेटच वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला थांबलं, आपल्याकडे महिंद्रानं पुढं कित्येक वर्षं चालवलं. चार सिलिंडर, २१९९ सीसी, पुढचे तीन गिअर, आणि शेजारी फोर-व्हीलचे दोन छोटे दांडे. सासऱ्यांनी ती सेकंडहँड घेतली ती उसाच्या फडावर जायला. पावसाळ्यात नदीकाठची वाट चिखलात गेली की बैलगाडीनंतर जाणारं दुसरं वाहन तेच.

पुढं पेट्रोल परवडेना. १९८० च्या दशकात आपल्या भागातल्या जीपमालकांनी जे केलं तेच सासऱ्यांनी केलं: पेट्रोल इंजिन उतरवलं, डिझेल चढवलं, आणि आर. सी. बुकात त्याची रीतसर नोंद करून घेतली. उतरवलेलं हरिकेन भंगारात घालायला त्यांचा जीव होईना, म्हणून ते माझ्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात आलं आणि तिथंच राहिलं. त्यावर आम्ही चहाचे कप ठेवत होतो.

ऑगस्ट २०१९ चा पूर कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही. चिखली, आंबेवाडी रिकामी झाली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. जनावरं आणि माणसं वेळेत निघाली, जीप शेडमध्येच राहिली. पाणी उतरल्यावर बघतो तर डिझेलच्या सिलिंडरांत गाळ, आणि ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा, नट काढला तर ऑइलच्या जागी दुधाचा चहा निघावा तसला रंग. डिझेलचा ब्लॉक कामातून गेला. धाकटा मेव्हणा म्हणाला, ‘‘दाजी, भंगाराच्या काट्यावर घालू आणि मोकळे होऊ.’’ मी म्हटलं, कोपऱ्यातलं इंजिन आधी फिरवून बघू. स्पार्क प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडून ठेवलं, काही दिवसांनी क्रँक हातानं सुटला. तिथून हे सगळं सुरू झालं.

जुनी जीप घरी उभी करता येते, ती सगळीकडे येत नाही. कोल्हापुरात येते. इथं पॅटर्न करणारा आहे, ओतणारा आहे, लेथ आहे, गिअर कापणारा आहे, भट्टी लावणारा आहे, ग्राइंडिंगवाला आहे, आणि हे सगळे सायकलवर फिरण्याइतक्या अंतरात आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत देशभरच्या गाड्यांचे भाग ओतले जातात, त्यांना एका जीपची काय कथा. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा आपण सगळे कौतुकानं बघतो. ती गाडी आजही चालते, त्यामागं या गावच्या मिस्त्रींचे हात आहेत, असं मी मानतो.

एक उदाहरण देतो, कारण यात माझा धंदा आहे आणि तेवढी हौस मला माफ व्हावी. या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये मधला एक शाफ्ट असतो, त्यावर सुईसारख्या बारीक रोलरांवर गिअर फिरतो. पन्नास वर्षांत हे रोलर शाफ्टवर स्वतःचे चर पाडतात. शाफ्ट डुगडुगायला लागला की केसमधलं त्याचं भोकही मोठं होतं आणि तिथून ऑइल गळतं. ‘जीप ऑइल गाळणारच’ म्हणून आपण सोडून देतो ते हेच. बाजारात मिळाला तो नवा शाफ्ट मी कानशीनं घासून पाहिला तर लोण्यासारखा कापला गेला. मग ईएन-३५३ पोलादाचा गज घेतला, टर्निंग केलं, वरची कातडी कडक करायला केस हार्डनिंगला दिला आणि सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवर शेवटचा माप आणला. ट्रान्स्फर केसचं भोक बोअर करून त्यात बुश दाबला. आता शेडच्या फरशीवर डाग पडत नाही. याला कायद्याच्या भाषेत काय म्हणायचं? कंपनीनं बुश दिला नव्हता, मी घातला. बदल झाला का दुरुस्ती?

पुढच्या चाकांचंही तसंच. चाळीसच्या वेगात स्टिअरिंग हातात मावेना इतकी चाकं फडफडायची. गॅरेजवाले याला वॉबलिंग म्हणतात आणि डॅम्पर लावून देतात. डॅम्पर रोग झाकतो. खरा दोष किंग पिनच्या, म्हणजे ज्यावर पुढचं चाक वळतं त्या पिनच्या, बेअरिंगांत असतो. वरच्या टोपीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, असतात, त्या कमी-जास्त करून बेअरिंगला हवा तेवढाच दाब द्यायचा. तो दाब मोजायचा कसा? ऑइल सील काढून, जोडकाम सोडून, स्टिअरिंगच्या हाताला शाळेतल्या प्रयोगशाळेतला ताणकाटा अडकवायचा आणि हळू ओढायचं. नकल, म्हणजे चाक धरून वळणारा सांधा, हलायला लागते त्या क्षणी काट्यावर काय आकडा आहे ते बघायचं. एक शिम काढली की आकडा चढतो, एक घातली की उतरतो. सौ. बाजूला बसून आकडे लिहून घेत होती. हूड तिनंच शिवला, लक्ष्मीपुरीतून आणलेल्या जाड ताडपत्रीचा, आणि दोन सुया मोडल्याबद्दल मला अजून ऐकून घ्यावं लागतं.

इथपर्यंत मूळचं होतं तसं उभं करणं झालं. पण काही गोष्टी मी मूळच्या ठेवल्या नाहीत, आणि ठेवणारही नाही.

या जीपचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब तेलातून चाकांकडे पाठवणारा, पायाखाली, फ्लोअरच्या पत्र्याच्या खाली असतो. ऑइल बघायचं तर फ्लोअरची झाकणी उघडायची. तो एकाच सर्किटचा. चारही चाकांना एकच तेलाची वाट. एका चाकाचा रबरी कप गळला किंवा एक नळी तुटली की पेडल सरळ जमिनीला टेकतं आणि चारही ब्रेक जातात. १९६७ ला रस्त्यावर बैलगाड्या होत्या, आज शिरोली पुलावर समोर कंटेनर असतो. मी नंतरच्या महिंद्रा जीपांना येतो तसा टँडम मास्टर सिलिंडर बसवला. पुढच्या चाकांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तरी दुसरी धरते. डायनॅमो काढून आल्टरनेटर लावला, कारण डायनॅमोच्या जीपला सिग्नलवर उभं राहिलं की हेडलाइट मावळतात. पुढच्या दोन्ही सीटला पट्टे लावले, आणि ते बॉडीच्या पत्र्याला न लावता चेसिसला पट्टी जोडून तिथं आवळले, कारण पत्र्याला लावलेला पट्टा अपघातात पत्र्यासकट उपटून येतो. इंडिकेटर लावले. वास्तविक मूळ गाडीत हात बाहेर काढून दाखवायचा होता.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी कडक करून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं: बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मोठमोठे भोंगे, रुंद टायर आणि डोळे दिपवणारे दिवे लावून फिरणाऱ्यांना हे हवंच होतं. पण ‘बदल’ या एका शब्दात माझा दुहेरी ब्रेकही बसतो का, हे टेबलागणिक ठरतं. एका कार्यालयात मी विचारलं तर एक साहेब म्हणाले, ‘‘ब्रेक तर चांगलाच केलाय, काय हरकत?’’ शेजारचे म्हणाले, ‘‘कंपनीचं पत्र आणा.’’ सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या गाडीला आजच्या ब्रेकबद्दल पत्र कोण देणार?

इंजिनची गोष्ट तर आणखी गमतीची. आर. सी. वर डिझेल. ते पुरात मेलं. मी त्याच गाडीचं, कंपनीनं दिलेलं, जुन्या नोंदीत ज्याचा नंबर आहे ते पेट्रोल इंजिन परत बसवलं. हाही बदलच. म्हणजे ४० वर्षांपूर्वी घातलेलं परकं इंजिन अधिकृत आणि घरचं इंजिन उपरं.

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांचे नियम काढले, तेव्हा मला आनंद झाला होता. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी त्यात येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यासाठी बाहेर काढायची. इथवर ठीक. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. ही अट लिहिताना कोणाच्या तरी डोळ्यांसमोर झाकण घालून ठेवलेली संस्थानी मोटार असावी. शेतकऱ्याची जीप झाकून कोण ठेवतो? तिचा पत्रा शेणखतानं आणि मळीनं खाल्लेला असतो, तो दोन-तीनदा बदललेला असतो, आणि इंजिन डिझेल झालेलं असतं. आमच्या जीपचा मागचा अख्खा पत्रा मी नवा कापून वाकवून घेतला, कारण जुन्यातून खालची जमीन दिसत होती. उरला साधा मार्ग: दर पाच वर्षांनी पासिंग. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या चारचाकीला १०,००० केली. पैसे भरायला मी तयार आहे. पण भरूनही तपासणीला उभं राहिल्यावर प्रश्न तोच: हे इंजिन बुकात नाही, हा ब्रेक कंपनीचा नाही.

मूळ स्वरूपाचा एवढा आग्रह धरणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. पंपावरचं पेट्रोल तरी मूळ राहिलंय का? २००० साली देशभर पेट्रोलमधलं शिसं बंद झालं, ते योग्यच झालं. पण जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह जिथं टेकतात त्या सीटांना त्या शिशाचं संरक्षण होतं. म्हणून मी एक्झॉस्टच्या सीटा कडक धातूच्या दाबून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. त्यात आमच्या उसाचंही आहे, त्याला नावं ठेवायला मी कोल्हापूरकर म्हणून धजणार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकी आतून गंजवतं, आणि जुन्या रबराला फुगवून मऊ करतं. या जीपची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते, म्हणजे अक्षरशः माणसाच्या बुडाखाली. तिथली मूळ नळी ‘मूळ’ म्हणून जपायची का? मी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, इंजिनाला पेट्रोल खेचून देणाऱ्या पंपाचा पडदाही तसला टाकला. सरकारनं इंधन बदललं की मालकाला गाडी बदलावीच लागते. त्याची नोंद घ्यायला एक रकाना तरी द्या.

आता आमच्या हौशी मंडळींबद्दलही बोललं पाहिजे, नाही तर पत्र एकतर्फी होईल. परराज्यातून ट्रकवर तयार जीप मागवायची, तिला हातभर उंच उचलायची, ट्रॅक्टरला शोभतील असले टायर घालायचे, आणि ‘रिस्टोअर केली’ म्हणून फोटो टाकायचे, याला मी दुरुस्ती म्हणत नाही. पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम ८० इंच अंतर असलेली गाडी उंच केली की वळणावर पलटायला निमित्त पुरतं. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, युनिव्हर्सल जॉइंट खटखट करत मरतात. जुना स्टिअरिंग बॉक्स तेवढे रुंद टायर फिरवायला केलेलाच नाही. आणि मग पावसाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर नेऊन चाकांनी नांगरट करतात. तिथं जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो, त्यात फुलं येतात. एकदा चर पडला की पुढच्या पावसात ती माती वाहूनच जाते. नाद करावा, पण दुसऱ्याच्या पठारावर नको. चिखल हवा असेल त्यांनी आमच्या आंबेवाडीच्या शेतात यावं, उसाची खोडकी काढल्यावर हवा तेवढा मिळेल. असल्यांना कलम १८२-अ लावा, माझी ना नाही.

मागणी फार मोठी नाही. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी परिवहन खात्यानं सुरक्षेच्या बदलांची एक लेखी यादी करावी: दुहेरी ब्रेक, आल्टरनेटर, पट्टे, इंडिकेटर, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, आणि अनुभवी माणसं सुचवतील ते. यादीतला बदल केला तर तो दुरुस्ती समजावा. ब्रेक धरतो की नाही हे सांगायला कंपनीचं पत्र कशाला लागतं? तपासणी केंद्रात रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा जोर मोजता येतो. यंत्र सांगेल ते मला मान्य. ज्या गाडीचं मूळ इंजिन जुन्या नोंदीत सापडतं, तिला ते परत बसवायला साधा अर्ज आणि नंबरची छाप एवढंच पुरेसं असावं. आणि विंटेजच्या अटीत ‘मूळ’ याचा अर्थ चेसिस, गिअरबॉक्स, अॅक्सल आणि गाडीची ठेवण असा धरावा. कुजलेला पत्रा बदलला म्हणून गाडी बाद करू नये. तपासायला माणसं लागतील तर आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं, तंत्रनिकेतनं आणि आयटीआय आहेत. तिथल्या पोरांना वर्गात कापलेलं इंजिन दाखवतात, त्यापेक्षा एक जिवंत सीजे-३बी तपासायला दिली तर शिम आणि ताणकाटा दोन्ही कळतील.

आमची जीप तूर्त आमच्याच बांधाच्या आत चालते. डांबरावर कागद झाल्याशिवाय आणायची नाही, असं सासूबाईंना कबूल केलंय, आणि त्यांचा शब्द कलमापेक्षा जड आहे.

तोवर ज्यांच्याकडे पेट्रोलची जुनी जीप आहे त्यांनी एवढं करावं: सीट उचलावी, टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी दोन बोटांत दाबून बघावी. चिकट लागली किंवा बोटाला काळं आलं तर त्याच दिवशी बदलावी.

आपला,
उद्यमनगरातला एक टर्नर,
कोल्हापूर